टिकलीसमोरची ओळ

१

“मनोहर, यंत्र सहसा खोटं बोलत नाही आणि माणूसही दरवेळी बोलत नाही. दोघांच्या मधे कुठेतरी एक कागद असतो. त्याला आधी विचार.”

बापूजींचा हा आवाज वीस वर्षं झाली तरी मनोहररावांच्या कानातून गेला नव्हता. कार्डांना भोकं पाडायच्या मशीनवर बापूजींनीच त्यांना पहिल्यांदा बसवलं होतं. पुढे बापूजी देवाघरी गेले, कार्डंही गेली. सदर भागातल्या या कॉम्प्युटर सेंटरमध्ये आता हिरव्या अक्षरांचे पडदे आले होते, आणि मनोहरराव त्या पडद्यांवर बसणाऱ्यांचे सुपरवायझर झाले होते. निवृत्तीला चार महिने उरले होते. अंगात त्याहून कमी उरल्यासारखं वाटे.

श्रावणातला शनिवार होता. मशीनच्या खोलीत धूळ चालत नाही म्हणून दाराशीच पायताण काढायची रीत होती. स्टुलावर बसून बूट काढताना नाडी पुन्हा तुटली. महिन्याभरात तिसऱ्यांदा. त्यांनी आणखी एक गाठ मारली, बूट रॅकवर ठेवले आणि तेवढ्यात साहेबांच्या खोलीतून आवाज आला.

“साहेब, माह्या विहिरी कुठं गेल्या?”

२

विचारणारे नानाजी मौद्याचे. तीन वर्षं सायकलीवर तालुका पालथा घालून त्यांनी तीनशे चाळीस विहिरींत दोरी सोडली होती आणि पाणी किती खोल आहे ते वहीत उतरवलं होतं. सेंटरच्या ऑपरेटरनं, तारानं, ते सगळे आकडे तीन महिने बसून टेपांवर चढवले. सोमवारच्या जॉबमध्ये मशीननं त्यातून यादी काढायची होती, की कोणत्या गावांच्या विहिरी चैत्राच्या आत आटतात. त्या यादीवरून हातपंप मिळणार होते.

“पडद्यावरचं पान म्हणते जॉब क्लोज्ड,” बाबनराव साहेब म्हणाले. ते सेंटरचे प्रमुख. “म्हणजे यादी निघाली. यादी निघाली तर गेली कुठे? आणि ती हाती आलेली नसताना टेपा मोकळ्या कशा केल्या?”

हा प्रश्न तारासाठी होता. ती भिंतीला टेकून उभी होती. लग्नाला दोन वर्षं झालेली, रोजंदारीवरची. कायम करण्याचा तिचा कागद गेल्याच महिन्यात वर गेला होता.

“नियम हाय ना साहेब. जॉब क्लोज्ड झाला की तीन दिवसांनी टेपा मोकळ्या करायच्या. गुरुवारी केल्या मी. शुक्रवारी त्याच्यावर दुसरं चढलं.”

“दुसरी प्रत?”

“यादी निघाल्यावर प्रतही त्याच जॉबात निघणार होती.”

“म्हणजे आकडेही गेले.” साहेबांनी पेन टेबलावर ठेवलं. “सोमवारी तू जागेवर होतीस का पूर्ण वेळ?”

ताराची नजर क्षणभर मनोहररावांकडे गेली आणि खाली आली. “होती. जागेवरच होती.”

मनोहररावांना ठाऊक होतं, हे खरं नाही. सोमवारी दुपारी ती त्यांनाच विचारून दहा मिनिटं महादेवाच्या देवळात गेली होती. तिळाची शिवामूठ वाहायची होती, आणि वाहिल्याशिवाय पाण्याचा घोटही घ्यायचा नाही असा तिचा नेम. सकाळची पाळी लांबली होती. पोरगी कोरड्या ओठांनी बसली होती. “जा वं, मी बसतो,” तेच म्हणाले होते. तेवढ्यात छपाईचा एक जॉब अडकला होता, तो त्यांनी काढून टाकला, प्रिंटर खडखडत सुरू झाला, आणि ती परत आली. एवढंच.

भ्याली असेल, त्यांना वाटलं. देवळात गेलीस म्हणून साहेब कावतील.

“परवा सकाळी हिला घरी बसायचं पत्र देतो,” साहेब म्हणाले.

“साहेब, आजचा दिवस द्या,” मनोहरराव बोलून गेले. “संध्याकाळपर्यंत ज्याचं नाव निघेल, ते मी स्वतः तुमच्यासमोर घेतो. मग तो कोणी का असेना.”

“अन् माह्या विहिरी?” नानाजींनी विचारलं.

“त्याही आणून देतो तुमाले.”

बाहेर आल्यावर त्यांना स्वतःचाच कंटाळा आला. या वयात माणसानं शब्द जपून द्यावा.

३

यादी चोरीला गेली असेल, तर ती आधी छापली गेली असली पाहिजे. म्हणून मनोहरराव छपाईच्या खोलीत गेले.

ईश्वरदास तिथला राजा. कानात कापसाचे बोळे आणि तोंडात सुपारी.

“मनोहरभाऊ, मले कायले इचारता? मी चोर दिसतो काय गा तुमाले?”

“तू चोर असता तर इतका जाडा झाला असता काय? चोराले धावावं लागते.”

ईश्वरदास हसला आणि बोळे काढले.

“सोमवारी विहिरींची यादी तुझ्या हातून गेली का?”

“कुठची यादी? तीनशे-साडेतीनशे पानांची म्हणता ना तुमी ते? तेवढ्यासाठी कागदाचा नवीन डबा फोडावा लागते. सोमवारी मी डबाच फोडला नाई. मंगळवारी सकाळी फोडला, हे पाहा, तारीख टाकून ठेवतो मी झाकणावर.” त्यानं रिकामा डबा पायानं पुढं सरकवला. झाकणावर निळ्या खडूनं मंगळवार लिहिलेला होता.

“मग सोमवारी काय छापलं?”

“दुपारी शाळांची यादी. चारच्या आधी सुरू झाली, चार-वीसले खतम. बारा पानं. अन् मग माहा प्रिंटर झोपला, अन् मीबी.”

शाळांची यादी. मनोहररावांना कुठेतरी बारीक काटा टोचल्यासारखं झालं. काय टोचलं ते मात्र ध्यानात येईना. वय झालं की असं होतं. नाव जिभेवर येतं आणि माघारी फिरतं.

एक गोष्ट मात्र नक्की झाली. यादी कुणी चोरली नव्हती. ती छापलीच गेली नव्हती.

मग पान ‘क्लोज्ड’ का म्हणत होतं?

४

पान विश्वनाथचं होतं. पुण्याहून शिकून आलेला, तिशीच्या आतला, केस नीट विंचरलेला. मशीनवर कोणता जॉब चालू आहे, कोणता रांगेत आहे आणि कोणता झाला, हे टर्मिनलवर दाखवणारं जुनं पान त्यानं सहा आठवडे खपून नवं केलं होतं. ते सोमवारी सकाळीच सुरू झालं होतं.

“किती सुंदर दिसतं, बघा ना,” तो पडदा फिरवत म्हणाला. वर दोन ओळींत सेंटरचं नाव, चहूकडे चौकट, आणि आत जॉबच्या ओळी. “जुनं पान म्हणजे शनिवारचा बाजार होता, काका. प्रत्येक प्रकारच्या जॉबला ठरलेली जागा. जॉब नसला तरी ती ओळ रिकामी. आता तसं नाही. जो आधी आला तो वर.”

“चांगलं आहे. मले एक सांग. जुन्या पानावर जॉब झाला की ‘कंप्लीट’ यायचं. आता ‘क्लोज्ड’ काहून?”

विश्वनाथचा चेहरा किंचित पडला. “ते... साहेबांची इच्छा होती. दिल्लीचे पाहुणे येणार आहेत ना पुढच्या आठवड्यात. जुन्या पानावर ‘कॅन्सल्ड’ शब्द फार दिसायचा. साहेब म्हणाले, पाहुण्यांसमोर अपयश कशाला मांडायचं? संपलं ते संपलं. म्हणून मी दोन शब्दांचा एक केला.”

“म्हणजे पूर्ण झालेला जॉबही क्लोज्ड आणि अर्ध्यात मारलेलाही क्लोज्ड?”

“हो.”

“ताराले सांगितलं होतं?”

“पत्रक काढणार होतो.” त्याची मान खाली गेली. “काका, टेपा मोकळ्या करायचा नियम त्या शब्दावर चालतो, हे मला माहीतच नव्हतं. कोणी कुठे लिहूनही ठेवलेलं नाही.”

“लिहायले कोण बसते, बाबा? हातालाच माहीत असते.”

मनोहरराव उठले. घर सारवताना देव उचलून ठेवावेत आणि परत मांडायचे राहून जावेत, तसं काहीतरी इथे झालं होतं. त्यात पाप कोणाचंच नव्हतं. तरीही एक गोष्ट उरत होती. जॉब आपणहून मेला नव्हता. कोणीतरी कळ दाबून तो मारला होता.

५

आता कागदाची पाळी होती.

मशीनशेजारी एक लहान टंकयंत्र होतं. मशीन जे जे करी, ते वेळेसकट त्याच्या कागदावर आपोआप उमटत जाई. पूर्वी मनोहरराव रोज सकाळी तो कागद वाचत. सोमवारपासून साहेबांनीच सांगितलं होतं, आता पान आहे, कागद कोण चाळतो. या आठवड्याचा कागद जागेवर नव्हता.

“थो काय? मी नेला गुरुवारी,” केर काढणाऱ्या अंजनाबाई म्हणाल्या. “तुमीच म्हणत होते ना, रॅक खराब झाला? पावसापाण्याची चप्पल, सारा चिखल. तो कागद हातरला मी खाली. चांगला जाड हाय.”

“अंजनाबाई, सोमवारी दुपारी पावणेचार-चारच्या सुमारास तुम्ही इथं होत्या?”

“होती तं. ओसरी पुसून राहिली होती.”

“आत कोण कोण होतं?”

“मले कसं मालूम? मी आत जातच नाई.” मग त्यांनी पदराला हात पुसले. “माणसं नाई पाह्यली मी. पण पायताण पाह्यलं. रॅक पुसाले लागते न मले.”

“कोणाचं होतं?”

“ताराबाईची चप्पल नव्हती. ईश्वरदासची तुटकी सँडल तिकडं, छपाईच्या दाराशी. विश्वनाथसाहेबाचे पांढरे बूट त्या दिवशी आलेच नाई इकडं, ते वर बसले होते. एकच जोडी होती, भाऊ.”

मनोहररावांची नजर रॅककडे गेली.

“काळे बूट,” अंजनाबाई हळू आवाजात म्हणाल्या. “नाडीले गाठी मारलेले.”

मग मनोहररावांनी रॅकवरचे आपलेच बूट उचलून बाजूला ठेवले आणि खालचा कागद अलगद ओढून काढला. त्यावर चिखलाच्या टाचेचा ठसा उमटला होता. खिशातून चष्मा काढून त्यांनी तो ठशाखालचा मजकूर वाचला.

सोमवार. दुपारी ३.५२. भूजल मौदा, कॅन्सल्ड. टर्मिनल दोन.

३.५३. शाळा यादी, प्रिंट सुरू.

सबंध दुपारभरात कॅन्सल झालेला जॉब तेवढा एकच होता.

आता तो काटा कशाचा होता ते कळलं. सोमवारी त्यांनी काढून टाकलेला जॉब शाळांच्या यादीचाच होता. निदान त्यांना तसं वाटलं होतं. काढून टाकलेली यादी ईश्वरदासनं छापली कशी?

६

ते टर्मिनल दोनपाशी, ताराच्या जागेपाशी, येऊन उभे राहिले. पडद्याच्या काचेवर, डाव्या कडेला, सातव्या ओळीच्या उंचीवर एक लाल टिकली चिकटवलेली होती. आंघोळीला जाताना बायका आरशावर लावतात तशी.

ती तारानं वर्षापूर्वी लावली होती. जुन्या पानावर छपाईच्या जॉबची जागा सातवी, कायमची. अक्षरं बारीक, चष्मा नसला तर वाचवत नाहीत. म्हणून तिच्या जागी कोणीही बसलं की ती सांगायची, छपाई अडकली तर पडद्यावरची उजळ पट्टी टिकलीसमोर आणायची आणि रद्द करायची कळ दाबायची. साऱ्या पाळ्यांना ते पाठ झालं होतं.

सोमवारी चष्मा टेबलावर राहिला होता. त्यांनी पट्टी टिकलीसमोर आणली आणि कळ दाबली.

पण पान सकाळीच बदललं होतं. वर नावाच्या दोन ओळी आल्या होत्या, आणि जॉब आल्या क्रमानं लागत होते. टिकली जागची हलली नव्हती. तिच्यासमोर त्या वेळी मौद्याच्या विहिरी होत्या. शाळांची यादी अडकलेली नव्हतीच. ती विहिरींच्या मोठ्या जॉबमागे आपली पाळी येण्याची वाट पाहत होती. पुढचा जॉब मेला, वाट मोकळी झाली, आणि प्रिंटर खडखडला. मनोहररावांना वाटलं, काम फत्ते.

“काकाजी.”

तारा मागे उभी होती. हातातला कागद तिनं पाहिला होता.

“तुले कधी कळलं वं?”

“आज सकाळी. साहेबानं सोमवारचं इचारलं तवा. अडकलेला जॉब काढला म्हणून तुमीच सांगितलं होतं मले.” तिनं टिकलीकडे बोट केलं. “पान बदललं तवाच मी हे काढाले पाहिजे होती. राहून गेलं.”

“मग खोटं काहून बोलली? जागेवर होती म्हणून?”

“देवळात गेली म्हटलं असतं तं साहेबानं इचारलं असतं, जागेवर कोण बसलं होतं.” ती थांबली. “तुमचं नाव माह्या तोंडून कसं निघन? मले बसवलं कोणी या खुर्चीवर? तुमीच ना?”

“तुझी नोकरी गेली असती, पोरी.”

“उपास केला होता मी. त्या उपासापायी दुसऱ्याले बुडवलं, तं तो उपास कायचा?”

मनोहररावांनी हातातल्या कागदाची घडी घातली. तिचं मौन त्यांना आपल्या चुकीहून जड वाटत होतं.

“खोटं बोलून व्रत पुरं होत नाही वं,” ते अखेर म्हणाले. “ते उद्यापन आता माह्याकडे.”

७

बाबनराव साहेबांनी कागद दोनदा वाचला. चिखलाचा ठसा त्यांनी अंगठ्यानं घासून पाहिला.

“मनोहरराव, बसा. हे पाहा, पंचवीस वर्षांत तुमच्या फाइलीत एक ओळ वाकडी नाही. चार महिने राहिलेत. आणि ती पोरगी रोजंदारीवरची आहे. तिच्याबद्दल कोणी विचारणारही नाही. कागद इथेच राहू द्या.”

“साहेब, मी सकाळी शब्द दिला होता, नाव निघेल ते घेतो म्हणून.” मनोहररावांनी खिशातून घडी केलेला कबुलीचा अर्ज काढला आणि टेबलावर ठेवला. “हे माझं नाव. कळ मी दाबली, चष्मा न लावता. तारानं मला विचारून जागा सोडली होती. टेपा तिनं नियमानं मोकळ्या केल्या.”

साहेबांनी अर्ज वाचला. खालपर्यंत वाचून पुन्हा वर आले, जणू आणखी काही असायला हवं होतं.

“दोन शब्दांचा एक कोणी करायला सांगितला, ते यात नाही,” मनोहरराव म्हणाले. “ते मी लिहिलं नाही. ते माझ्या हातचं नव्हतं.”

साहेबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

“विश्वनाथला पाठवा,” ते म्हणाले. “पानावर दोन्ही शब्द परत घ्या म्हणावं. पाहुणे बघतील तर बघू देत.” मग अर्ज ड्रॉवरमध्ये न टाकता त्यांनी जावक पेटीत ठेवला. “ताराचं पत्र निघणार नाही. तुमचं मात्र...”

“निघू द्या, साहेब.”

नानाजी बाहेरच्या बाकावर सकाळपासून बसले होते. ईश्वरदासनं आणून दिलेला चहा कपात थंड झाला होता.

“वह्या आहेत ना तुमच्या? विहिरींच्या?” मनोहररावांनी विचारलं.

“हायेत न. घरी, पेटीत. सात वह्या. काई पानं पावसानं भिजेल हायेत, पण मले वाचता येते.”

“मग चला. गाडी साडेपाचची आहे.”

“तुमी येता?”

“आकडे चढवायले बसणारा कोण? ताराचे तीन महिने मी एकदा बुडवले. सुटी घेतली आहे. उद्यापासून रोज दहा तास बसतो. महिन्याअखेर पन्नास-साठ टक्के तरी होईल. आधी आटणाऱ्या गावांच्या विहिरी घेऊ, तुम्ही सांगाल त्या क्रमानं.”

“मी शेजारच्या टर्मिनलवर बसते,” तारा दारातून म्हणाली. “पाळी संपल्यावर.”

“सोमवार सोडून,” मनोहरराव म्हणाले.

ती हसली नाही. काचेवरची टिकली तिनं नखानं उचलली आणि पुसून आपल्या कपाळावर लावली.

मनोहररावांनी स्टुलावर बसून बूट चढवले. नाडी ओढली ती पुन्हा तुटली. त्यांनी गाठ मारली, चष्मा खिशात आहे ना ते चाचपून पाहिलं, आणि खुंटीवरची कापडी पिशवी खांद्याला लावून नानाजींच्या मागोमाग पायऱ्या उतरू लागले. पिशवी रिकामी होती. येताना तिच्यातून तीनशे चाळीस विहिरी आणायच्या होत्या.